दोन मिनिटांत खायचं सॅलड

अण्णा पार्टे थंड झालेल्या अन्नावर ओरडतात. वाढणाऱ्यावर ओरडणारे पुरुष तुम्ही पुष्कळ पाहिले असतील, मंडळी. अण्णा थेट अन्नावर ओरडतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आपल्या ओटीवर हातात बशी घेऊन उभे होते आणि बशीतल्या पनीरच्या एका तुकड्याला फैलावर घेत होते.

"निवलास ना? निवलास! दोन मिन्टं धीर नाय धरवला तुला? जा आता. रबर हो!"

तुकडा काही बोलला नाही. अण्णांनी तो कुंपणापलीकडे भिरकावला. तिथे बसलेल्या कुत्र्याने हुंगला आणि तोंड फिरवलं. "बघ," अण्णा मला म्हणाले, जणू सगळा दोष माझाच होता, "कुत्रं पण खात नाय निवलेलं."

अण्णांची आणि आमची ओटी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. महाडच्या एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर आमची ही जोडघरं, आणि दोघांना मिळून एकच लोखंडी फाटक. एमआयडीसीतल्या एकाच केमिकल कंपनीत आम्ही नोकरीला होतो. मी स्टोअरमध्ये, अण्णा बॉयलरवर. मी गणपतीत कॉलनीच्या नाटकांतून कामं करायचो, म्हणून अण्णा मला नावाने कधीच हाक मारत नसत. 'नाटक्या' म्हणत. प्रेमाने नव्हे.

बॉयलरवर बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाचा स्वभाव कसा होणार? अण्णांच्या रागाचा काटा कायम लाल रेघेच्या आसपास असायचा. कंपनीत एक नवे साहेब आले होते. त्यांनी एकदा बॉयलर हाउसच्या दारात उभं राहून विचारलं, "पार्टे, वाफ जरा कमी ठेवली तर नाही का चालणार?" अण्णांनी हातातला पाना खाली ठेवला. म्हणाले, "साहेब, तुमच्याकडं एसी हाय, माझ्याकडं वाफ हाय. तुम्ही तुमचं थंड ठेवा, मी माझं गरम ठेवतो." साहेब पुन्हा त्या बाजूला फिरकले नाहीत. बत्तीस वर्षांत अण्णांच्या पाळीत वाफ एकदाही पडली नाही, दाबाचा काटा खाली आला नाही, आणि हे ते कुणालाही, कुठेही, विचारलं नसतानाही सांगत. न्हाव्याकडे मी स्वतः ऐकलं आहे. न्हावी वस्तरा हातात घेऊन थांबला होता, कारण अण्णा सांगताना मान हलवत.

असे हे अण्णा नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी निवृत्त झाले आणि तीन महिन्यांत सॅलड करायला लागले.

आता सॅलड म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काकडीच्या चकत्या आल्या असतील. माझ्याही आल्या होत्या. अण्णांचं सॅलड गरम. कुठल्याशा रविवारच्या पुरवणीत त्यांना त्याची कृती सापडली होती: 'गरम चीज-अक्रोड सॅलड'. ते कात्रण त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घालून शेगडीच्या वर भिंतीला ठोकलं, जसा बॉयलरशेजारी सूचनांचा तक्ता असतो तसं. शेवटच्या ओळीखाली लाल पेन्सिलीने दोन रेघा मारल्या. ओळ अशी: 'तयार होताच दोन मिनिटांच्या आत खावे. निवल्यावर चव राहत नाही.'

छापील सूचना म्हणजे अण्णांना कायदा. त्यात एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. पण महाडच्या बाजारात त्या कायद्याचं पालन करणं सोपं नव्हतं. चीज एका दुकानात डब्यातलं मिळालं. ते तव्यावर टाकताच विरघळलं, पसरलं आणि असं चिकटलं की अण्णा तवा उलथन्याने खरवडत अर्धा तास त्याला बोलत होते. "बॉयलरच्या ट्यूबला बत्तीस वर्षांत असली खपली बसली नाय!" अक्रोड आणले, त्यातले निम्मे खवट निघाले. अण्णा ते मुठीत घेऊन दुकानदाराकडे गेले आणि एक त्याला खायला लावला. कृतीत लिहिलेला एक विलायती पाला भाजीवालीकडे मागितला. तिने वर्णन नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असला पाला आमच्या वाडीवर म्हशी खातात, काका. तुम्हाला कशाला पायजे?"

शेवटी कायद्यात दुरुस्त्या झाल्या. म्हशीच्या दुधात लिंबू पिळून घरीच पनीर करायचं, फडक्यात बांधून रात्रभर वरवंट्याखाली दाबायचं. अक्रोडाऐवजी काजू. पाल्याऐवजी मुळ्याची कोवळी पानं आणि बारीक चिरलेला कोबी. मध अण्णांच्या थोरल्या बहिणीकडून, पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या वाडीतून येई. रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला अण्णा जाड तवा तापवत. तवा पुरेसा तापला की नाही हे हाताच्या मागच्या बाजूने बघत, बॉयलरवाले पाइपला हात लावतात तसा. तुपावर काजू परतून बाजूला काढायचे. मग पनीरच्या बोटभर जाड वड्या, दोन्ही बाजूंनी तांबूस. त्या तव्यावरून थेट पाल्यावर. वर काजू, मिरी, लिंबाचा रस, मधाची एक धार. पाला जागच्या जागी किंचित मान टाकतो, आणि तेव्हा जो वास सुटतो, मंडळी, तो भिंत ओलांडून आमच्या घरात येई आणि मला कॉलरला धरून पलीकडे नेई.

मी जायचोच. दर रविवारी. हातात पुरवणी घेऊन, जणू काही चर्चेलाच आलोय.

"आलास?" अण्णा गुरगुरत.

"या, भावजी, बसा," आतून वहिनी म्हणत. अण्णांची बायको, शेवंतावहिनी. बारीक चणीची, हसरी बाई. त्यांनी दारी आलेल्या माणसाला 'बसा' म्हटलं नाही असा दिवस मला आठवत नाही. त्यांनी बशी माझ्यापुढे ठेवली की अण्णांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर जाई. निरोपसमारंभात कंपनीने दिलेलं घड्याळ. सेकंदकाटा लाल.

आता खरं सांगतो. माझ्या अंगात थोडा खोडसाळपणा आहे. मी वडी चमच्यात घ्यायचो, तोंडाजवळ न्यायचो, आणि थांबायचो. "अण्णा, यात मिरी किती घातलीत हो?"

"खा!"

"नाही, म्हणजे अंदाजे?"

"चाळीस सेकंद गेली! खा, नायतर तुझ्या नरड्यात कोंबीन!"

मग मी खायचो, डोळे मिटून, हळूहळू, नाटकातला राजा विषाचा पेला पितो तसा. अण्णांच्या मानेची शीर टरारून वर यायची. घरी येऊन मी हा सगळा प्रवेश मंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, करून दाखवायचो. अण्णांचा आवाज मला छान जमायचा. असे पाच-सहा रविवार गेले. इतकी स्वस्त आणि इतकी चविष्ट करमणूक महाडात दुसरी नव्हती.

एका रविवारी मी जरा जास्तच रंगात आलो. चमचा हवेत धरून म्हटलं, "अण्णा, त्या काजूवरून आठवलं—" आणि अण्णांनी माझ्या हातातली बशीच काढून घेतली.

"ऊठ."

"अहो, पण—"

"ऊठ म्हणतो! तुझ्यासाठी करतो काय मी हे? तुझ्यासाठी सकाळपासून राबतोय?"

"मग कुणासाठी?"

अण्णांनी बशी धरलेला हात स्वयंपाकघराच्या दाराकडे केला. तिथे वहिनी उभ्या होत्या. एका हाताने चौकट धरलेली, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. आमचं कधी आटपतंय याची वाट बघत होत्या. मला लख्ख आठवलं की गेल्या पाच-सहा रविवारीही त्या तिथेच, तशाच उभ्या होत्या. मी त्यांना पाहिलं होतं. दाराचा भाग असल्यासारखं पाहिलं होतं.

"अहो, ओरडू नका ना भावजींवर," वहिनी म्हणाल्या. "मी खाईन की मागाहून."

"मागाहून!" अण्णा असे ओरडले की फाटकावरचा कावळा उडाला. त्यांनी मला दंडाला धरून ओटीवर आणलं, दार ओढून घेतलं आणि पायरीवर बसवलं. मग माझ्यासमोर येरझाऱ्या घालत त्यांनी जे सांगितलं, ते रागानेच सांगितलं. त्यांना दुसऱ्या कुठल्या आवाजात सांगता येत नाही.

"बत्तीस वर्सं शिफ्ट केली मी. सकाळची, दुपारची, सगळ्या. कवाबी घरी येऊ दे, ताटात वाफ असायची. कशी असायची? मी विचारलं नाय. रिटायर झालो त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दुपारचे तीन वाजले होते. पाणी प्यायला आत गेलो. तर ही भिंतीकडं तोंड करून बसलीय, आणि पातेल्यातला थंड भात कालवून खातेय. पातेल्यातूनच! आमटीत पाणी घातलेलं. मला बघून पदराआड लपवलं, चोरी केल्यासारखं. मी म्हटलं, हे काय? तर म्हणते, 'काय म्हंजे? रोजचंच.' रोजचंच! ऐकलंस का रे नाटक्या? मी कंपनीची वाफ बत्तीस वर्सं पडू दिली नाय. कुणाच्या कंपनीची? कुणाच्या बापाची? आणि माझ्या घरात हे रोजचंच!"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"गप. मी तिला म्हटलं, उद्यापासनं माझ्याबरोबर बसायचं. बसली नाय. हसली. म्हटली, आता म्हातारपणी काय थेरं. म्हटलं, बरं. भात निवला तरी भातच असतो, आमटी परत गरम करता येते, म्हणून तुझं फावतंय. असं काहीतरी करतो जे दोन मिन्टांत खाल्लंच पायजे. परत गरम केलं तर मातेरं. मग बघतो कशी मागाहून खाते ती! तेवढ्यात ते कात्रण गावलं. म्हटलं, हेच." ते माझ्यासमोर येऊन थांबले. "आणि दर ऐतवारी बरोबर त्याच टायमाला तू येतोस. पुरवणी घेऊन!"

घरात परक्या माणसाचं खाणं चाललंय आणि घरची बाई जेवायला बसलीय, हे वहिनींच्या हिशेबात बसणारं नव्हतं. मी बसलो की त्या उभ्या. एवढं साधं गणित होतं. मी दर रविवारी जी दोन मिनिटांची मजा लुटत होतो, ती त्यांच्या वाट्याची दोन मिनिटं होती.

घरी गेलो तेव्हा मंदाने विचारलं, "आज काय प्रवेश झाला?" मी तिला सगळं सांगितलं, यावेळी अण्णांचा आवाज न काढता. तिने ऐकून घेतलं. मग पोळी लाटता लाटता म्हणाली, "तुम्ही मला कधी बघितलंय जेवताना?"

मी आठवत राहिलो. ती पुढची पोळी लाटायला लागली.

पुढच्या रविवारपासून मी जाणं बंद केलं. मला वाटलं, अडथळा दूर झाला. पण अडथळा मी एकटाच थोडाच होतो! अण्णांचं घर एसटी स्टँडजवळ. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून जो कुणी महाडला उतरतो, कचेरीच्या कामाला, डोळे तपासायला, शिवथरला दर्शनाला जाताना, मुंबईच्या गाडीची वाट बघायला, तो अण्णांच्या घरी टेकतोच. भावकी, भावकीची सोयरीक, सोयरिकीचे शेजारी. सगळ्यांना वहिनी 'बसा' म्हणतात, सगळ्यांना भाकरी टाकतात, आणि सगळे उठेपर्यंत उभ्या राहतात.

एकदा सॅलड तव्यावरून उतरतंय आणि दारात दोन म्हातारे हजर. अण्णांनी त्यांना "काय हाय?" अशा आवाजात विचारलं की त्यातल्या एकाला खोकलाच लागला. वहिनींनी पटकन बशी उचलली, दोन वाटे केले आणि म्हाताऱ्यांपुढे ठेवले. म्हातारे गावाकडच्या म्हशीच्या विणीबद्दल निवांत बोलत बसले. अण्णा घड्याळाखाली उभे राहून मोठ्याने सेकंद मोजत होते. एकशेवीसनंतर त्यांनी मोजणं थांबवलं आणि परसात जाऊन नारळाच्या झावळ्या कोयत्याने तोडल्या. वाळलेल्या झावळ्या होत्या, तोडायची काही गरज नव्हती.

मग अण्णांनी युक्ती काढली. पुढच्या रविवारी साडेदहालाच त्यांनी पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि मागच्या दाराने आत गेले. म्हणजे येणाऱ्याला वाटावं, घरात कुणी नाही. मी माझ्या ओटीवरून पाहत होतो. अकरा वाजले. तव्याचा चर्रर्र आवाज आला. आणि फाटकातून पिशवी घेतलेले एक गृहस्थ आले, कुलूप पाहून थबकले. गृहस्थ स्वतःशीच म्हणाले, "अरेच्चा, गेले वाटतं कुठं."

आतून वहिनींचा आवाज आला. "नाय हो, हाय आम्ही आतच! मागनं या!"

त्यानंतर आतून जो आवाज आला, तो लिहिता येण्यासारखा नाही. एवढंच सांगतो की गृहस्थ मागच्या दाराने न जाता पुढच्या गाडीने गेले, आणि वहिनी त्यापायी अण्णांशी दोन दिवस बोलल्या नाहीत. दारातून माणूस उपाशी परत गेला! त्यांच्या दृष्टीने अण्णांनी घराचं नाव बुडवलं होतं.

मी वहिनींना गाठलं. त्या मागच्या दारी तांदूळ निवडत होत्या. म्हटलं, "वहिनी, एकदा बसा की त्यांच्यासाठी. दोन मिनिटांचा प्रश्न आहे."

"भावजी, तुम्हाला सांगू का," सूप हलवत त्या म्हणाल्या, "मला आधी बसून घास उतरायचा नाय. सासूबाई नंतर जेवायच्या, जाऊबाई नंतर, मी त्यांच्या नंतर. सगळ्यांचं झालं की कसं मोकळं वाटतं. कुणी काय मागायचं राहिलं नाय ना, हे बघूनच माझं पोट भरतं. आणि हे असं घड्याळ लावून, अंगावर ओरडून कुणी जेवण जेवतं काय?" त्या हसल्या. मग हसू ओसरलं. "रोज चिडतात हो हल्ली. झोपेत पण चिडतात. मला वाटतं, मी काय चुकले?"

"त्यांना सांगितलंत हे?"

"त्यांना काय सांगू? ते ऐकायच्या आधी ओरडतात."

मी तडक अण्णांकडे गेलो. म्हटलं, "वहिनींना वाटतंय तुम्ही त्यांच्यावर चिडलाय." अण्णा माझ्याकडे बघत राहिले. बत्तीस वर्षांत वाफ न पडलेल्या माणसाची वाफ माझ्या डोळ्यांदेखत पडली. मग ते ओरडले, "तिच्यावर कशाला चिडेन मी, मूर्खा!" पण ते भिंतीला सांगितल्यासारखं होतं.

त्या संध्याकाळी मी अण्णांना माझी योजना सांगितली. येत्या रविवारी अकरा ते साडेअकरा फाटकावर मी बसणार. येईल त्या पाहुण्याला माझ्या ओटीवर घेणार. चहा मंदा देईल, खाऊ घालील, कुणी उपाशी परत जायचा नाही, म्हणजे वहिनींनाही बोलायला जागा नको. आणि तोंडाची टकळी मी चालवीन. "इतकी वर्षं मला नाटक्या म्हणता ना? आता बघाच."

"जमेल तुला?" अण्णांनी संशयाने विचारलं. आभार मानायची ही त्यांची पद्धत.

रविवार उजाडला. मी फाटकाशी खुर्ची टाकून बसलो. पहिला पाहुणा पावणेअकराला आला. मी त्याला मिठी मारली. माझी त्याची ओळख नव्हती. त्याला ओटीवर बसवून मी कंपनीत एकदा सायरन कसा चुकून वाजला आणि जनरल मॅनेजर चप्पल सोडून कसे धावले, हे उभं राहून, धावून दाखवलं. चहा पिऊन, पोहे खाऊन तो आपल्या कामाला गेला. जाताना मागे वळून वळून बघत होता. दुसरा आला तोही निभावला. अकरा वाजून दहा मिनिटं झाली. भिंतीपलीकडून काजूचा वास यायला लागला. मी स्वतःवर बेहद्द खूश झालो होतो.

आणि फाटक वाजलं. जनाआत्या.

अण्णांची थोरली बहीण. डोंगरातल्या वाडीवरून पहाटे निघून, अर्धी वाट चालत, अर्धी एसटीने आलेली. डोक्यावर गाठोडं, हातात मधाची बाटली. सत्तरीची बाई, पण आवाज असा की वाडीवरून हाक मारली तर खालच्या गावातली गुरं वळतात. अख्ख्या भावकीत अण्णा एकाच माणसाला घाबरत, ते या बाईला. आणि नणंद दारात उभी असताना भावजय नवऱ्याच्या आधी जेवायला बसलेली! मी खुर्ची सोडून पुढे धावलो.

"आत्या! या, या! आधी आमच्याकडे चहा घ्या!"

"मी भावाकडं आलेय. भावाच्या शेजाऱ्याकडं नाय."

"अण्णा घरी नाहीत."

तेवढ्यात आतून अण्णा गरजले, "बस म्हणतो ना खाली! काय लागलं तर मी उठेन!"

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग ह्यो कोण बोंबलतोय?"

"रेडिओ."

"रेडिओ माझ्या भावासारखा वरडतो? हो बाजूला, मुडद्या!"

मी आडवा झालो. गुडघ्याला लागल्याचं सोंग केलं. आत्या मला ओलांडून गेल्या. खरोखर ओलांडून, मंडळी. मी उठून त्यांच्या मागे धावलो, पण तोवर त्यांनी अण्णांचं नुसतंच लोटलेलं दार हाताने ढकललं होतं. ते वीतभर उघडलं, आणि त्या तिथेच थांबल्या. त्यांच्या खांद्यावरून मला आतलं दिसलं.

वहिनी पाटावर बसल्या होत्या. पुढे बशी. अण्णा बाजूला तवा हातात घेऊन उभे. वहिनींनी पनीरची वडी चिमटीत धरली, एकदा अण्णांकडे पाहिलं आणि तोंडात टाकली. दुसऱ्याच क्षणी त्यांचे डोळे पाण्याने भरले. तोंड उघडं, हात तोंडासमोर हलतोय, घास इकडून तिकडे. कसाबसा गिळला. आपण सगळे गरम घास जिभेवर घोळवत, हवा ओढत खातो. ते कसं करायचं हे वहिनींना माहीतच नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "लय गरम हाय हो. मला नाय जमत. थोडं निवू दे?"

झालं, मी मनात म्हटलं. आता घर उडणार. अण्णांची मान लाल झाली. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, कात्रणाकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं. तवा खाली ठेवला. दुसरा पाट पायाने ओढला आणि वहिनींच्या समोर बसले.

"बरं. निवू दे."

"आणि तुमची दोन मिन्टं?"

"गेली खड्ड्यात."

जरा वेळ दोघं बशीकडे बघत बसले. वाफ वर जात होती. वहिनी उठायला झाल्या नाहीत. मग त्यांनी हळूच विचारलं, "रागावलात काय माझ्यावर?"

"हो," अण्णा म्हणाले, इतक्या हळू की मला ओठांवरूनच कळलं. "लय रागावलोय. पण तुझ्यावर नाय गो." आणि ते बशीतल्या एका वडीवर फुंकर घालू लागले. गाल फुगवून, कपाळाला आठ्या घालून.

जनाआत्यांनी दार आवाज न करता ओढून घेतलं. मला दंडाला धरून परत आमच्या ओटीशी आणलं. गाठोडं उतरवलं, मधाची बाटली शेजारी ठेवली आणि अण्णांच्या दाराकडे पाठ करून पायरीवर बसल्या. मंदा चहा घेऊन बाहेर आली. आत्यांनी कप हातात घेतला, चटका बसला तरी खाली ठेवला नाही.

मी मात्र अजून दाराकडेच बघत होतो. पुढे काय होतंय ते मला बघायचं होतं. इतक्या रविवारांनंतर तो माझा हक्क आहे असं मला वाटत होतं.

"काय बघतोस रे?" आत्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदाच दम ऐकला नाही. "मान्सं जेवतायत आत. तोंड फिरव तिकडं."

मी तोंड फिरवलं. त्यामुळे पुढचं मला तुम्हाला सांगता येणार नाही. आम्ही तिघं रस्त्याकडे तोंड करून बसलो होतो. पोलादपूरची एक गाडी गेली, मग दुसरी गेली. पाठीमागे बराच वेळ कुणी ओरडलं नाही.